धंदा बरा चालू असतानाच ऑटोमेशन कसं सुरू करायचं

ऑटोमेशनचा विषय बहुतेक कारखान्यांत नको त्या दिवशी निघतो. वीस वर्षं एकच मशीन सांभाळलेला सेटर (मशीन कामासाठी लावून देणारा माणूस) रिटायर होतो, किंवा मोठा कस्टमर कळवतो की पुढच्या तिमाहीपासून प्रत्येक पार्टचा टॉर्क रेकॉर्ड पाहिजे, किंवा ऑर्डर एकदम दुप्पट होते आणि मग सगळ्यांना केबिनमध्ये बोलावून विचारलं जातं की रोबोट कधी बसेल. तो लगेच बसत नाही. आपल्या पार्टसाठी खास बनवलेलं मशीन म्हणजे डिझाइन, बनवणं, ट्रायल, दुरुस्त्या, परत ट्रायल असं करत सहा-आठ महिने सहज जातात, आणि तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली की कोटेशन घेऊन पहिला जो येतो तोच देवासारखा वाटतो. मी बरीच वर्षं लाइन उभ्या करायच्या कामात आहे आणि जे फसलेले प्रोजेक्ट जवळून बघितले त्यातले बहुतेक घाईने फसले, टेक्नॉलॉजी बिचारी ठीकच होती. म्हणून हे लिहितोय ते अशा लोकांसाठी ज्यांचं आत्ता बरं चाललंय, कुठे आग लागलेली नाही. सुरुवात करायला याच्याइतकी चांगली वेळ नसते.

आधी मोजा, खरेदीचं नंतर बघू

पहिले दोन आठवडे काहीही विकत घ्यायचं नाही, कोणाकडे कोटेशनही मागायचं नाही. स्टॉपवॉच, वही आणि लाइनवर तासन्‌तास उभं राहायची तयारी, बस. ऑफिसमधल्या एक्सेल शीटमध्ये जो सायकल टाइम असतो तो कोणीतरी कधीतरी मशीन नवं असताना, सगळ्यात हुशार ऑपरेटर उभा करून काढलेला असतो, आज त्यातलं काहीच तसं राहिलेलं नसतं.

सगळ्यात आधी टॅक्ट टाइम काढा, म्हणजे कस्टमरचा माल वेळेत द्यायचा तर दर किती सेकंदाला एक पीस बाहेर पडला पाहिजे. समजा शिफ्ट ८ तासांची, म्हणजे ४८० मिनिटं, त्यातून ब्रेक, साफसफाई, शिफ्टची अदलाबदल मिळून ६० मिनिटं गेली, उरली ४२०, म्हणजे २५,२०० सेकंद. शिफ्टला ६०० पीस लागत असतील तर भागून आले ४२ सेकंद. आता प्रत्येक स्टेशनवर निदान तीस सायकल मोजा, आणि वेगवेगळ्या वेळी मोजा, शिफ्टच्या सुरुवातीला, जेवणानंतर, रात्रपाळीतसुद्धा. समजा चार स्टेशनचे आकडे आले २८, ३१, ४७ आणि ३५. तिसरं स्टेशन ४७ सेकंद खातंय, तिथून शिफ्टला ५३६ च्या वर पीस निघूच शकत नाहीत, बाकी तीन ठिकाणी कितीही महागडं मशीन आणून ठेवलं तरी नाही.

हे वाचायला इतकं सोपं वाटतं की लोक ही पायरी सोडून देतात. मी एका कंपनीत पॅकिंगला बसवलेला रोबोट बघितलाय, दिसायला एकदम सुंदर, पाहुणे आले की आधी तिथंच न्यायचे असा तिथला रिवाज झालेला, पण अडत होतं ते आधीच्या लीक टेस्टिंगला, तिथून पीसच येत नव्हते आणि रोबोट अर्धा वेळ हात वर करून उभा. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. त्या पैशात लीक टेस्टिंगचं दुसरं फिक्स्चर (पार्ट पक्का धरून ठेवणारी चौकट) बसलं असतं तर त्या लाइनचा माल त्याच महिन्यात वाढला असता, आणि याचं मला आजही वाईट वाटतं कारण त्या प्रोजेक्टवर राबलेली माणसं खरंच मनापासून राबली होती.

सायकल टाइमच्या जोडीला ओईई काढा, म्हणजे मशीनचा खरा उपयोग किती होतोय तो आकडा. उपलब्धता, वेग आणि क्वालिटी या तीन टक्केवारींचा गुणाकार. एखादं मशीन धरा, ४२० मिनिटं चालायला हवं होतं, ६३ मिनिटं बंद पडलं, म्हणजे उपलब्धता ८५ टक्के. उरलेल्या ३५७ मिनिटांत ४० सेकंदाच्या हिशेबाने ५३५ पीस व्हायला हवे होते, झाले ४८२, म्हणजे वेग ९० टक्के. त्यातले चांगले ४६३, म्हणजे क्वालिटी ९६ टक्के. तिन्हींचा गुणाकार साधारण ७३ टक्के. सेइची नाकाजिमा यांनी ९०, ९५ आणि ९९ असे तीन आकडे धरून जे ८५ टक्क्यांचं माप घालून दिलं ते सगळीकडे भिंतीवर लावलेलं असतं, पण मला त्या एकत्रित आकड्यापेक्षा तीन तुकडे महत्त्वाचे वाटतात. उपलब्धता कमी असेल तर दुखणं मेंटेनन्स किंवा चेंजओव्हरचं (एका पार्टवरून दुसऱ्या पार्टसाठी मशीन बदलून घेण्याचं), वेग कमी असेल तर बहुतेक वेळा छोटे छोटे स्टॉप, पीस अडकला, सेन्सरवर तेल उडालं, ऑपरेटरने हाताने सोडवला आणि मशीन परत चालू. हे दोन-दोन मिनिटांचे स्टॉप कोणीच लिहून ठेवत नाही. तेच लिहायला लावा. एका कागदावर कारणांचे रकाने आणि पुढे नुसत्या खुणा, पंधरा दिवसांत असं चित्र दिसतं की सुपरवायझरलाही नवल वाटतं.

कुठलं काम मशीनला द्यायचं

जगातला पहिला औद्योगिक रोबोट, युनिमेट, १९६१ मध्ये जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतल्या प्लांटमध्ये लागला आणि त्याला काम दिलं होतं डाय कास्टिंगचे गरम पार्ट उचलायचं. गरम, धोक्याचं, तेच तेच आणि दर वेळी पार्ट एकाच जागी येणारं. आजही पहिलं काम निवडताना या चार गोष्टी बघितल्या तरी निवड फारशी चुकत नाही. ज्या कामामुळे लोकांची कंबर किंवा खांदा जातो, ज्या कामाला कोणी टिकत नाही, जिथे धूर, धूळ, उष्णता आहे, तिथून सुरुवात केली की शॉपफ्लोरवरून विरोध तर सोडाच, उलट लोक मदतीला येतात.

आणि जे काम माणूस सहज करतो म्हणून सोपं वाटतं तिथेच घोडं पेंड खातं. लवचिक गोष्टी, वायर, रबर, कापड, पिशवी. ढिगात वेडेवाकडे पडलेले पार्ट. खोक्यागणिक थोडा वेगळा येणारा कच्चा माल. माणसाचं बोट वायर जरा वाकडी असली तरी नकळत सरळ करून घालतं, मशीनला त्यासाठी कॅमेरा लागतो, लाइटिंग लागतं, ग्रिपर लागतो आणि मग तरी शंभरात पाच वेळा चुकतं. टेस्लाने मॉडेल ३ च्या वेळी नको इतकं ऑटोमेशन करून ठेवलं होतं आणि २०१८ मध्ये इलॉन मस्कने जाहीरपणे कबूल केलं की ते अति झालं आणि माणसाला आपण कमी लेखलं. त्यांच्याकडे पैसा आणि इंजिनिअर दोन्ही भरपूर होते. आपल्याकडे दोन्ही मोजके असतात, तर मग अशा कामाच्या वाटेला पहिल्या फेरीत जायचंच नाही.

अजून एक बघा, पार्टचं डिझाइन पुढची तीन-चार वर्षं टिकणार आहे का. कस्टमर दर सहा महिन्यांनी ड्रॉइंग बदलत असेल तर एकाच पार्टसाठी बनवलेलं मशीन लवकरच कोपऱ्यात जाऊन पडतं. पीएलसी, म्हणजे प्रोग्रॅमवर मशीन चालवणारा कंट्रोलर, जन्मालाच यातून आला, १९६८ मध्ये जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला दर मॉडेल बदलाला रिलेची अख्खी पॅनेल उपसून नव्याने वायरिंग करायचा कंटाळा आला होता, त्यांनी प्रोग्रॅम बदलता येईल असा कंट्रोलर मागितला आणि डिक मोर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोडिकॉन ०८४ बनवला. म्हणजे बदल सोसता येणं ही सुरुवातीपासूनची मूळ गरज आहे. मशीन मागवताना विचाराच, उद्या पार्ट दहा मिलिमीटर लांब झाला तर काय काय बदलावं लागेल.

काम आधी सरळ करा, मग मशीनवर चढवा

हा भाग मला सगळ्यात जवळचा आहे त्यामुळे जरा लांबेल.

गोंधळलेलं काम ऑटोमेट केलं की तोच गोंधळ जास्त वेगाने आणि जास्त खर्चात होतो. आधी बघा की ते काम करायलाच लागतंय का. मी एका लाइनवर बरं चाललेलं डीबरिंग (पार्टच्या कडेला राहिलेली धारदार कड, म्हणजे बर, काढणं) ऑटोमेट करायला गेलो होतो, दोन दिवस मागे मागे जाऊन बघितलं तर बर येत होता कारण प्रेसच्या डायला धार लावायची वेळ कोणी ठरवलेलीच नव्हती. धार लावायचं वेळापत्रक केलं, डीबरिंगचं काम पाव राहिलं, मशीन घ्यायची गरजच संपली.

चेंजओव्हरचं असंच. शिगेओ शिंगो यांचं टोयोटातलं काम यासाठी बघण्यासारखं आहे, १,००० टनी प्रेसचा चेंजओव्हर चार तासांचा होता, तो आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणला, १९६९ च्या सुमाराला, रोबोट वगैरे काही नसताना. युक्ती काय, तर मशीन बंद असताना करायची कामं आणि मशीन चालू असतानाच आधी उरकता येणारी कामं वेगळी काढली. पुढची डाय आणणं, बोल्ट शोधणं, स्पॅनर आणणं, हे सगळं मशीन थांबवून करायची काय गरज. तुमच्याकडे एका चेंजओव्हरचा मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि ज्यांनी तो केला त्यांच्याबरोबरच बसून बघा, दोष काढायला नव्हे हे आधीच स्पष्ट सांगून. अर्धा वेळ चालण्यात आणि शोधण्यात जातो हे त्यांना स्वतःलाच दिसतं.

शिंगोंचंच अजून एक, १९६१ चं, यामादा इलेक्ट्रिकचं. छोट्या स्विचमध्ये दोन स्प्रिंग बसवायच्या, कधीमधी एखादी राहून जायची आणि कस्टमरची तक्रार यायची. उपाय काय केला तर आधी दोन स्प्रिंग मोजून एका छोट्या बशीत काढायच्या, मग तिथून उचलून बसवायच्या. काम संपल्यावर बशीत स्प्रिंग दिसली तर चूक झाली, तिथेच कळलं. खर्च एका बशीचा. याला पोका-योके म्हणतात आणि कॅमेऱ्याचं कोटेशन मागवायच्या आधी प्रत्येक वेळी स्वतःला विचारायचं की बशीने भागेल का. पिन अशी लावा की पार्ट उलटा बसणारच नाही, फिक्स्चरमध्ये प्रॉक्झिमिटी सेन्सर लावा आणि पार्ट नीट बसल्याशिवाय क्लॅम्पच होऊ देऊ नका.

तिसरी गोष्ट म्हणजे मशीनला थांबायला शिकवणं. साकिची तोयोदा यांचा १९२४ चा जी टाइप माग धागा तुटला की आपोआप थांबायचा. त्यामुळे प्रत्येक मागापाशी एक माणूस डोळ्यात तेल घालून उभा राहायची गरज संपली आणि एकाला कितीतरी माग सांभाळता यायला लागले. तुमच्या मशीनला टूल तुटल्याचं कळतं का? मटेरियल संपल्याचं? कळत नसेल तर तिथे उभा असलेला माणूस दिवसभर फक्त राखण करतोय, आणि थांबायचा सिग्नल बसवणं हे रोबोटपेक्षा कितीतरी स्वस्तातलं आणि लवकर होणारं ऑटोमेशन आहे.

पहिल्या छोट्या पायऱ्या

आता हात घालायला हरकत नाही, पण छोटा. जुन्या मशीनवरही करता येणाऱ्या गोष्टी आहेत. प्रत्येक मशीनला टॉवर लाइट आणि एक साधा काउंटर, सिग्नल मशीनच्याच एखाद्या २४ व्होल्टच्या आउटपुटवरून घेता येतो, नसेल तर स्पिंडल मोटरच्या केबलवर करंट सेन्सर लावला की मशीन चालू आहे की बंद हे कळतंच. एनर्जी मीटर घेताना मॉडबसवालाच घ्या, हा प्रोटोकॉल १९७९ पासूनचा आहे आणि आजही जवळपास कुठल्याही पीएलसीला जोडता येतो.

ॲनालॉग सेन्सर, म्हणजे प्रेशर, लेव्हल, तापमान वगैरे, घेताना ४ ते २० मिलिअँपियरचा घ्या. इथे शून्य माप म्हणजे ४ मिलिअँपियर, त्यामुळे वायर तुटली आणि करंट शून्यावर आला तर पीएलसीला लगेच कळतं की टाकी रिकामी झालेली नाही, वायर गेलीय. शून्यापासून सुरू होणाऱ्या सिग्नलमध्ये हा फरकच करता येत नाही आणि त्या चुकीपायी मी पंप कोरडे चालून जळलेले बघितलेत.

पंखे आणि सेंट्रिफ्युगल पंप पूर्ण वेगाने चालवून पुढे व्हॉल्व्ह किंवा डॅम्परने अडवत असाल तर व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह, बसवा. तिथे पॉवर वेगाच्या घनाने बदलते, वेग ८० टक्के केला की लागणारी पॉवर साधारण ५१ टक्क्यांवर येते. कन्व्हेयरला हे गणित लागू नाही, तिथे एवढी बचत कोणी सांगत असेल तर कागदावर मागा. आणि कॉम्प्रेस्ड एअरचा सिलिंडर वाढवायच्या आधी गळती बघा, सगळी मशीन बंद असताना, सुट्टीच्या दिवशी, कॉम्प्रेसर दर थोड्या वेळाने लोड घेत असेल तर ती हवा फक्त गळतीलाच जातेय.

या सगळ्याचा डेटा एका स्क्रीनवर आणायचा मोह होतो. आणा, पण रोज सकाळी दहा मिनिटं त्या स्क्रीनसमोर उभं राहून कोण बोलणार हे आधी ठरवा. नाहीतर नव्याचे नऊ दिवस, मग त्यावर धूळ. आणि एका वेळी एकच स्टेशन. पाच ठिकाणी पाच पायलट काढले की एक ना धड भाराभर चिंध्या होतात, मेंटेनन्सवाले तेवढेच, त्यांचे हात तेवढेच.

पैशाचा हिशेब

कोटेशनमध्ये लिहिलेला पेबॅक मी कधीच तसाच धरत नाही. आकड्यांत सांगतो. समजा मशीनची किंमत ९० आहे आणि वर्षाला ७५ वाचतील असं सांगितलंय, म्हणजे सव्वा वर्षात पैसे वसूल. आता त्यात फिक्स्चर, सेफ्टीची जाळी, हवा आणि विजेची जोडणी, स्पेअर, ट्रेनिंग आणि ट्रायलमध्ये वाया जाणारा माल असे ६० मिळवा, झाले १५०. आणि मशीन सांगितलं तेवढं भरलेलं राहणार नाही, ६० टक्के धरा, म्हणजे बचत ४५, त्यातून वर्षाचा मेंटेनन्स १० गेला, उरले ३५. सव्वा वर्षाचा पेबॅक चार वर्षांच्या पुढे गेला. तरीही घ्यावंसं वाटत असेल तर जरूर घ्या, कारण काही फायदे पैशात मोडताच येत नाहीत, रिजेक्शन कस्टमरकडे न जाणं, कोणाचं बोट न जाणं. पण हे डोळे उघडे ठेवून घेतलेलं असावं.

फायदा लिहिताना फक्त "किती माणसं कमी होतील" एवढंच लिहायची सवय आहे, ती सोडा. रीवर्क, रिजेक्शन, ओव्हरटाइम, उशिरा गेलेल्या मालाचा जादा वाहतूक खर्च, हे जास्त मोठं निघतं. आणि नुसता रोबोटचा हात म्हणजे सेल, म्हणजे काम करणारी पूर्ण मांडणी, नव्हे. ग्रिपर, पार्ट फीडर, सेफ्टी, प्रोग्रॅमिंग धरलं की हाताच्या किमतीच्या दुप्पट-तिप्पट सहज होते.

मशीन मागवताना

आपल्याला काय पाहिजे ते आपण लिहायचं, व्हेंडरने नाही. दोन-तीन पानं पुरतात. कुठले पार्ट, सायकल टाइम किती, कच्च्या मालातला फरक किती चालला पाहिजे, हवा किती बारला मिळेल, जागा किती, चेंजओव्हर किती मिनिटांत व्हायला हवा, काय बिघडलं की मशीनने काय करायचं. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. सगळं नीट असताना सगळीच मशीन चालतात. लाइट मधेच गेली आणि आली तर? ग्रिपरमध्ये पार्ट असताना इमर्जन्सी दाबली तर? हे प्रश्न लिहून काढायला मशीनवर रोज उभा राहणारा ऑपरेटर आणि त्याला हात लावणारा इलेक्ट्रिशियन बरोबर बसवा, त्यांना जे सुचतं ते डिझाइनवाल्यांना सुचत नाही.

व्हेंडरकडे ट्रायल घ्यायला जाल तेव्हा पार्ट आपले न्यायचे, आणि मुद्दाम खराब पण न्यायचे, टॉलरन्सच्या दोन्ही टोकांचे, तेल लागलेले, जरा वाकलेले. सलग काही तास चालवून बघा, दहा पीसचा डेमो बघून सही करू नका. तीच ट्रायल मशीन आपल्याकडे बसल्यावर परत. आणि पैशाचा मोठा हप्ता या दुसऱ्या ट्रायलनंतरचा ठेवा.

पीएलसी आणि एचएमआयचा (ऑपरेटरसमोरच्या स्क्रीनचा) प्रोग्रॅम, कॉमेंटसकट, पासवर्डसकट, तुमच्या ताब्यात मिळणार हे ऑर्डरमध्येच लिहून घ्या. इथे मी हात जोडून सांगतो. एका ठिकाणी मशीन बनवणारं दुकान बंद झालं, प्रोग्रॅम लॉक केलेला, पीएलसी उडाला, नवा पीएलसी दोन दिवसांत आला पण त्यात घालायला काहीच नव्हतं. पूर्ण लॉजिक वायरी बघून बघून परत लिहावं लागलं, तेवढे दिवस अख्खी लाइन बंद. वाचता येईल असं लॅडर (पीएलसीचा आकृतीसारखा प्रोग्रॅम) मागा, आपल्या इलेक्ट्रिशियनला रात्री दोन वाजता लॅपटॉप जोडून कुठला इंटरलॉक (मशीन चालू होण्याआधी पूर्ण व्हायला हवी ती अट) अडलाय ते दिसलं पाहिजे.

सेफ्टी नंतर जोडायची गोष्ट नाही

१९७९ मध्ये फोर्डच्या फ्लॅट रॉक इथल्या कास्टिंग प्लांटमध्ये रोबोट नीट पार्ट काढून देत नाही म्हणून एक कामगार स्वतः रॅकमध्ये चढला आणि मशीनच्या हाताचा फटका बसून गेला. आजही बहुतेक अपघात अशाच वेळी होतात, मशीन नीट चालू असताना नाही, तर ते अडल्यावर कोणीतरी पटकन सोडवायला आत जातो तेव्हा. म्हणून डिझाइनच्या वेळीच विचारायचं की पार्ट अडकला तर सोडवायला माणूस कुठून आत जाणार आणि तेव्हा मशीन नक्की बंद असेल ना. आयएसओ १२१०० मध्ये जोखीम कशी तपासायची ते आहे आणि रोबोटसाठी आयएसओ १०२१८, व्हेंडरकडून रिस्क असेसमेंटचा कागद घ्या आणि प्रत्यक्ष मशीनसमोर उभं राहून तो वाचा.

इमर्जन्सी स्टॉप साध्या पीएलसीच्या इनपुटवर भरवसा ठेवून चालत नाही, सेफ्टी रिले किंवा सेफ्टी पीएलसी पाहिजे. कॉन्टॅक्ट नॉर्मली क्लोज्ड (एरवी जोडलेला), म्हणजे वायर तुटली तरी मशीन थांबेल. मेन स्विचला प्रत्येकाचं स्वतःचं कुलूप, आणि हवेची लाइन बंद केल्यावर आतली हवा सोडायचा व्हॉल्व्ह, कारण वीज बंद असली तरी दाबाखालचा सिलिंडर हलतो. कोबोट (माणसाच्या शेजारी काम करायला बनवलेला रोबोट) आहे म्हणून जाळी नको असं सरसकट कोणी सांगत असेल तर विचारा की ग्रिपरमध्ये काय धरणार आहे. कोबोटच्या हातात धारदार पत्रा असेल तर तो हात कितीही मऊ असला तरी काय उपयोग.

माणसांशी बोलणं

लपवू नका. मोजायला लोक यायला लागले की कुजबुज सुरू होतेच, आणि खरं काय ते तुम्ही सांगितलं नाही तर त्यापेक्षा वाईट ते सगळ्यांपर्यंत पोचतं. कुठलं काम जाणार, ते काम करणारा माणूस नंतर कुठे जाणार, त्याला काय शिकवणार, हे नावानिशी ठरवा आणि मशीन यायच्या आधी सांगा. कोणाचं काम जाणार नाही असं वचन देता येत नसेल तर देऊ नका, खोटं वचन एकदा उघडं पडलं की पुढच्या प्रत्येक मशीनला त्याची किंमत मोजावी लागते.

लवकर सुरुवात करायचा मोठा फायदा इथेच आहे. वेळ असला की रिटायर होणारा, बदली मागितलेला, प्रमोशनला आलेला अशा लोकांच्या जागा हळूहळू जुळवून घेता येतात, घाईत हे होत नाही. आणि तो जुना सेटर जायच्या आधी त्याच्याबरोबर महिनाभर बसा. आवाज बदलला की फीड (टूल पुढे सरकायचा वेग) कमी करतो म्हणजे नेमका कुठला आवाज, किती कमी, कुठल्या मटेरियलला. त्याच्या हातात जे आहे ते आकड्यात उतरवलं तरच मशीनच्या पॅरामीटरमध्ये जाऊ शकतं. त्याला नव्या सेलचा पहिला ट्रेनर करा, मी हे केलेलं आहे आणि त्या माणसाने त्या मशीनची जी काळजी घेतली तशी कोणी घेतली नसती.

मेंटेनन्सच्या दोन जणांना ऑर्डर देतानाच शिकायला घाला, मशीन आल्यावर नाही. मशीन जोडलं जात असताना ते व्हेंडरच्या वर्कशॉपमध्ये उभे असले की कव्हरच्या आत काय आहे ते त्यांना कायमचं कळतं.

बसवल्यानंतर

पहिले तीन महिने माल कमी निघेल हे प्लॅनमध्येच धरा आणि त्याआधी थोडा स्टॉक करून ठेवा, धंदा बरा चालू असताना हे जमतं. प्रत्येक स्टॉपचं कारण लिहायचं, रोज वरची दोन कारणं घ्यायची आणि मुळापासून काढायची. स्पेअरमध्ये सेन्सर, सॉलेनॉइड व्हॉल्व्ह, पॉवर सप्लाय, ग्रिपरची बोटं हे कपाटात असलंच पाहिजे.

प्रोग्रॅमचा बॅकअप दर बदलानंतर, दोन ठिकाणी, त्यातली एक जागा नेटवर्कला न जोडलेली. आणि एकदा तो बॅकअप खरंच लोड करून बघा, न बघितलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवता येत नाही. मशीनचं नेटवर्क ऑफिसच्या नेटवर्कपासून वेगळं ठेवा, व्हेंडरला बाहेरून जोडायचं असेल तर तेवढ्या वेळेपुरतंच चालू करा. २०१९ च्या मार्चमध्ये नॉर्स्क हायड्रो या ॲल्युमिनियम कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला तेव्हा काही प्लांट हाताने, कागदावरच्या ऑर्डरींवर चालवावे लागले. ते चालवू शकले कारण हाताने कसं चालवायचं हे माहीत असलेली माणसं होती. म्हणून सहा महिन्यांतून एकदा, ठरवून, एक शिफ्ट मॅन्युअल मोडवर चालवून बघा.

आणि मग स्टॉपवॉच परत बाहेर काढा. समजा तिसरं स्टेशन ४७ वरून ३० सेकंदांवर आलं. आता सगळ्यात हळू स्टेशन चौथं झालं, ३५ सेकंदांचं. गरज ६०० पीसची असेपर्यंत टॅक्ट ४२ आहे, तिथे काहीही करायची गरज नाही, कोणी कितीही चांगलं मशीन दाखवलं तरी नाही. पण गरज ७२० वर गेली की टॅक्ट येतो बरोबर ३५, म्हणजे एकही स्टॉप, एकही रिजेक्शन परवडणार नाही. ७२० ची ऑर्डर हातात पडेपर्यंत थांबलात तर परत सहा-आठ महिने मागे. सेल्सवाल्यांच्या अंदाजात ६५० दिसायला लागले की त्याच आठवड्यात चौथ्या स्टेशनवर जाऊन उभे राहा आणि तीस सायकल मोजा.